शेवटच्या संध्याकाळचा डबा

मुंबईबाहेरच्या जेसल पार्कातलं आमचं चर्च म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट. बाहेरच्या खोलीत रविवारची मिस्सा, आतल्या खोलीत मी, फादर. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मुंबईतून नुकती इकडे आलेली नोकरदार माणसं, चर्च बांधायला पैसा आणणार कुठून? पण फादरला उपाशी ठेवायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. रोज संध्याकाळी एकेका घरून डबा यायचा.

बेल वाजायची, "फादर, डबा!" आणि दार उघडेपर्यंत माणूस जिन्यावरून खाली. मान इतका द्यायचे, की जवळ कोणी बसेना! मला मात्र वाटायचं, एकदा तरी कुणीतरी म्हणावं, "फादर, घरी या, सोबत जेवू." एका बाईंना मी आडून सुचवूनही पाहिलं. म्हटलं, "तुमचं मटण गरम असताना काय लागत असेल हो!" पुढच्या वेळी त्यांनी ते थर्मासच्या डब्यात पाठवलं. आता काय बोलणार, कपाळ!

मग बदली आली, डहाणूच्या पलीकडे. रविवारी शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मी सगळ्यांचे आभार मानले. सुक्या बोंबलांच्या चटणीचेसुद्धा मानले. लोक हसले, डोळे पुसले आणि आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शेवटची संध्याकाळ. आज तरी कोणी बोलावणारच, म्हणून मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बांधलेल्या सामानावर बसून राहिलो. अंधार पडला. बेल वाजेना. बोलावणं सोडा, डबासुद्धा नाही! प्रत्येकाला वाटलं होतं, आज फादर दुसऱ्या कुणाकडे तरी जेवणार. हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र वाटलं, शाल दिली, संपलं यांचं. फार एकटं वाटलं. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आणि दार वाजलं. समोरच्या आजी. रत्नागिरीकडच्या, मुलाकडे राहायच्या. आमचं बोलणं म्हणजे भांडणच, कारण दर रविवारी आमच्या लोकांच्या चपला त्यांच्या दारात.

"आज डबा नाय आला तुमचा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"रोज ऐकते ना. बेल वाजली की मीपण पान वाढून घेते. आज बेलच नाय, तर मीपण बसलेय तशीच. चला."

कुळथाची पिठी, भात, भाजलेला पापड. आजी समोर बसल्या. मुलगा-सून उशिरा यायची, त्या रोज एकट्याच जेवायच्या. म्हणजे इतकी वर्षं समोरासमोरच्या दोन बंद दारांआड आम्ही दोघं एकाच वेळी, एकेकटे जेवत होतो. आधी का नाही कळलं हो हे?

"आजी, तुमचे फार आभार..."

"आभार कसले? जेवा गप. भात घ्या अजून." मग म्हणाल्या, "तिकडं कोण जेवायला सोबत?"

"बघू."

"बघू काय? शेजारचं दार वाजवायचं. मी वाजवलं ना?"

मान हलवली आणि भात घेतला. त्याही सावकाश जेवत होत्या, मीही. आटपायची घाई दोघांनाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नव्या जागी पोचलो. चर्च छान होतं, दगडी. मागे माझं घर. आचाऱ्याने ताट झाकून ठेवलं होतं आणि तो आपल्या पाड्यावर निघून गेला होता. मी ताट उचललं आणि खरंच बाहेर आलो. चहूकडे भातशेती. शेजारी दारच नव्हतं.

तिथेच पायरीवर बसलो. आजींनी जे आभार पुरते मानू दिले नव्हते, ते त्या काळोखात मोठ्याने मानले आणि जेवायला लागलो.