सर्वर आसतलो
मालवणातल्या एका छापखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो, दोन हजार पाचच्या आसपास. मागच्या खोलीत सर्वर, पुढे तीन मशीन. टाइप केलेलं सगळं सर्वरवरच्या 'काम' नावाच्या फोल्डरात जायचं. लाईट दिवसातून चारदा जायची आणि आली की तो फोल्डर प्रत्येक मशीनला हाताने पुन्हा जोडा! मला भयंकर कंटाळा. मग मी सहा ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली. मशीन सुरू झालं की फोल्डर आपोआप जोडला जायचा. मालकांना छाती फुगवून सांगितलं, आता बघायची गरजच नाही.

टायपिंगला एक बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. नवऱ्यामागे घर त्यांच्यावरच होतं. एका दुपारी लाईट आल्यावर त्यांनी विचारलं, "फोल्डर रिकामो दिसता रे. सर्वर चालू आसा मां?"

"आसतलो," मी खुर्चीतूनच म्हणालो. म्हणजे, असेल. आमच्याकडे हा शब्द उठायचे कष्ट वाचवतो.

बाईंनी संध्याकाळपर्यंत बसून जत्रेची पुस्तिका टाइप केली. सकाळी फोल्डरात बाकी सगळं होतं, पुस्तिका नव्हती. मालक रागावले की शुद्ध मराठीत शिरायचे. "काल दिवसभर काय केलंत? जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका!"

"टायप केलंय मी. खोटा कित्याक सांगतलंय?" बाईंचे डोळे भरले. आणि मी शहाणा काय म्हणालो? "स्क्रिप्टीत चूक नाय." अजून लाज वाटते.

बाई माझ्याकडे वळल्या. "काल रिकामो होतो, आज भरलेलो आसा. मगे फोल्डर दोन झाले मां?"

अरे देवा! काल सर्वर उठायच्या आत स्क्रिप्टने एकदा हाक मारली होती आणि उत्तर नाही म्हणून ती गप्प बसली होती. बाईंनी सेव केलं ते त्यांच्याच मशीनवरच्या रिकाम्या फोल्डरात. सकाळी मशीन पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्यावर सर्वरचा फोल्डर येऊन बसला, सुकत घातलेल्या मासळीवर पोतं टाकावं तसा. मी जोडणी सोडवली. खाली पुस्तिका होती, अख्खी.

"चूक माजी," मी सगळ्यांदेखत म्हणालो. मालक खाली बघून पुटपुटले, "बसा बाई, कामाक लागा."

मग स्क्रिप्ट सुधारायला घेतली. सर्वरने ओ दिल्याशिवाय जोडायचं नाही, तोवर पडद्यावर 'थांबा'. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"सगळा शिकय तुज्या स्क्रिप्टीक," त्या म्हणाल्या. "'आसतलो' तेवढा शिकवू नको."