बर्फावरून चाललेली वाट

उत्तर मिनेसोटात जिथं डांबरी रस्ता संपतो आणि तळी सुरू होतात, तिथं वर्नाचं दुकान आहे. होड्या, वल्ही, तंबू, झोपायच्या पिशव्या, सगळं भाड्यानं मिळतं. तसली दुकानं आमच्या गावात आणखी चार आहेत म्हणा. पण लोक वर्नाकडे यायचे ते रेइनो सालमेलासाठी.

सव्वीस वर्षं हा माणूस दुकानातल्या लांब टेबलाशी नकाशा पसरून बसला. किती दिवस जायचंय, किती माणसं, कुणाची पाठ धरते, एवढं तुम्ही सांगायचं. रेइनो लाल पेन्सिलीनं अख्खी सहल आखून द्यायचा. तंबू कुठं ठोकायचा, मासा कुठं लागतो, कुठल्या बेटावरचं अस्वल खाण्याची पिशवी पळवतं, सगळं त्याला तोंडपाठ. आणि पोर्टेज. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचं तर मधल्या जंगलातून होडी डोक्यावर घेऊन चालावं लागतं, ती वाट म्हणजे पोर्टेज. ती आम्ही होडीच्या लांबीनं मोजतो. चाळीस होड्या म्हणजे किरकोळ, दोनशे होड्या म्हणजे जीव निघतो.

"रेइनोनं आखलं ना, मग झालं तर," असं लोक म्हणत, आणि ते ऐकताना रेइनो मुद्दाम पेन्सिलीला टोक काढत बसे. आवडायचं त्याला. कुणाला आवडणार नाही? लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. पंधरा वर्षांपूर्वी खांदा निखळला तेव्हापासून स्वतःची होडी उचलणंही बंद. आपल्याला सगळं ठाऊक आहे असं गाव समजतं, हीच काय ती त्याची मिळकत.

ऑगस्टमध्ये एका सकाळी दक्षिणेकडच्या सपाट मक्याच्या मुलखातून हॅल्वर एस्टेन्सन आला. वय एकोणऐंशी, गुडघे गेलेले, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी. बरोबर मुलगी लिनेट, पन्नाशीची. म्हातारा होड्यांवरून हात फिरवत राहिला तेवढ्यात लिनेट टेबलाशी येऊन हळू आवाजात बोलली.

"बाबा एकटे राहतात. हिवाळ्यात दोनदा शेगडी चालू राहिली. भाऊ म्हणतो, घर विकू आणि त्यांना वृद्धाश्रमात ठेवू. मी त्याला म्हटलं, थांब. सहा दिवस मी त्यांच्याबरोबर काढते. डोकं ठिकाणावर दिसलं तर घर राहील. नाहीतर मीही अडवणार नाही."

"त्यांना माहीत आहे हे?" रेइनोनं विचारलं.

"माहीत आहे. म्हणून तर काल रात्रभर जुन्या जागांची नावं पाठ करत होते."

हॅल्वर येऊन बसला. त्याला कॉफीपॉट तळ्यावर जायचं होतं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांनी तिथं अठरा उन्हाळे तंबू टाकला होता. भाऊ गेला आणि जाणं थांबलं. आता मुलीला ती जागा दाखवायची होती, चूल मांडायचा खडक, पोहायची उतरण, सगळं.

रेइनोनं नकाशा वळवला आणि पेन्सिल सरळ एका वाटेवरून ओढली. "हे असं जा. एकच पोर्टेज, एकशेवीस होड्या, पण या टेबलासारखं सपाट. तुमच्या गुडघ्यांना हेच बरं."

हॅल्वर नकाशावर वाकला. "इथं दलदल आहे ना? आम्ही दोघं उत्तरेकडून वळसा घ्यायचो. पाच पोर्टेज पडायची, पण पाय कोरडे."

"ती दलदल दुसरीकडची," रेइनो हसून म्हणाला. "तुम्ही भलतीच वाट आठवताय. मी स्वतः चाललोय इथून."

आता खरं सांगायचं तर रेइनो तिथून चालला होताच. तीनदा. पण फेब्रुवारीत, गोठलेल्या तळ्यांवरच्या मासेमारीला जाताना, गुडघाभर घट्ट बर्फावरून. त्या बर्फाखाली काय आहे ते त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. 'हिवाळ्यात' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण मागं दोन गट खोळंबलेले, वर्ना ऐकत उभी, आणि सव्वीस वर्षांत त्यानं या टेबलावर 'मला नक्की माहीत नाही' असं कधी म्हटलं नव्हतं. शिवाय त्या वाटेनं गेलेले लोक परत येऊन सांगायचेच की, "तसं काही वाईट नव्हतं. जरा ओलं होतं." आमची माणसं घराला आग लागली तरी तसं काही वाईट नव्हतं म्हणतील, हे रेइनोला कळत नव्हतं थोडंच? त्यानं तो शब्द गिळला.

लिनेटनं वडिलांकडे पाहिलं. ते पाहणं रेइनोला दिसलं.

"मग मीच चुकत असेन," हॅल्वर म्हणाला आणि टोपी काढून पुन्हा घातली.

सहा दिवसांसाठी गेलेली ती दोघं तिसऱ्या दिवशी दुपारी परत आली. लिनेट होडी ओढत होती. म्हातारा कमरेपर्यंत काळ्या चिखलानं माखलेला, एका पायात बूट नाही, गुडघा सुजून भोपळा झालेला. वर्ना खुर्ची घेऊन धावली. रेइनो टेबलापाशीच उभा राहिला.

हॅल्वरच त्याच्याकडे लंगडत आला. "माझी चूक झाली," तो म्हणाला. "तुम्ही इतकी छान वाट आखून दिलीत आणि मी कुठंतरी भरकटलो. लिनेट विचारत होती, बाबा, हीच ना वाट? मी म्हटलं, हीच. मांडीपर्यंत रुतलो हो. तिनं वल्हं घालून बाहेर काढलं मला. तुमच्या सामानाचाही चिखल केला. माफ करा."

इथं बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. रेइनोच्या तोंडून काय निघालं तर, "होतं असं या वयात. मनाला लावून घेऊ नका."

वर्नानं चटकन वर पाहिलं. लिनेटनं त्याचे आभार मानले. गाडीत बसताना ती वडिलांच्या सीटचा पट्टा स्वतः लावत होती, लहान मुलाला लावतात तसा, आणि म्हातारा मुकाट्यानं हात वर धरून बसला होता.

म्हातारा भरकटलाच असेल, असं रेइनो दोन दिवस स्वतःला सांगत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं दुकानातली सगळ्यात हलकी होडी घेतली, खांद्याला पट्टा बांधला आणि एकटाच निघाला. दुपारपर्यंत तो त्या पोर्टेजच्या तोंडाशी पोचला.

वाट बरोबर होती. वाटेच्या ऐन मधोमध, पंचवीस-तीस होड्या आत, हॅल्वरच्या पायांची भोकं होती, पाण्यानं भरलेली. तो एका पावलानंही भरकटला नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे पुढं ठिकठिकाणी चिखलात लाकडं आडवी टाकलेली होती. काही यंदाची, साल ओली असलेली. काही इतकी जुनी की त्यांच्यावर शेवाळ चढलं होतं. म्हणजे वर्षानुवर्षं लोक इथं रुतत होते, मागून येणाऱ्यासाठी लाकूड टाकत होते, आणि दुकानात येऊन रेइनोच्या तोंडावर तसं काही वाईट नव्हतं म्हणत होते. रेइनो तिथंच एका ओंडक्यावर बसला. कुणी बघत नसतानाही माणसाचे कान लाजेनं तापतात, हे त्याला त्या दिवशी कळलं.

परत येऊन त्यानं वर्नाला सगळं सांगितलं. वर्ना वल्ही पुसत होती, पुसतच राहिली.

"मला दोघातिघांनी सांगितलं होतं रे," ती म्हणाली.

"मग मला का नाही बोललीस?"

"तुला? तू कधी कुणाचं ऐकलंयस? त्या म्हाताऱ्यानं तुझ्या तोंडावर सांगितलं, दलदल आहे म्हणून. काय केलंस तू त्याचं?"

भाड्याच्या कागदावर एस्टेन्सनचा फोन नंबर होता. तो रेइनोनं चारदा लावला आणि चारही वेळा घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. सांगू उद्या, सांगू परवा, असं करता करता सप्टेंबर उजाडला. शेवटी एका रविवारी फोनबिन न करता तो गाडीत बसला आणि पाच तास दक्षिणेकडे गेला.

घरापुढं पाटी होती: विकले आहे. लिनेटनं दार उघडलं. मागं खोक्यांच्या चळती, भिंतींवर तसबिरींच्या जागी नुसते खिळे. आमच्या लोकांची रीत ती, घर आवरायला काढलं असलं तरी आधी कॉफी. तिनं कुठल्याशा खोक्यातून तीन कप शोधून काढले. हॅल्वर खिडकीशी बसला होता. त्यानं रेइनोला ओळखलं आणि उठायला लागला.

"बसा, उठू नका," रेइनो म्हणाला. स्वतः मात्र तो बसला नाही. "दलदल तिथंच आहे. तुम्ही म्हणालात तिथंच. मी उन्हाळ्यात कधीच चाललो नव्हतो तिथून. बर्फावरून गेलो होतो. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा हे मला माहीत होतं. तुम्ही वाट चुकला नाहीत. परवा-तेरवा नाही, महिन्यापूर्वीच मी जाऊन पाहून आलोय."

लिनेटच्या हातातली किटली तशीच राहिली. "महिन्यापूर्वी?" ती म्हणाली. "सह्या तर गेल्या मंगळवारी झाल्या."

ती किटली खाली ठेवून आतल्या खोलीत गेली. फोन फिरवल्याचा आवाज आला, मग तिचा आवाज, आधी हळू, मग चढलेला. सही मागं घेता येते का, निदान थांबवता येते का, असं ती भावाला विचारत होती, आणि पलीकडून जे काही येत होतं ते तिला पटत नव्हतं.

रेइनो शिव्यांची वाट पाहत होता. शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. म्हाताऱ्यानं गुडघ्यावरून हात फिरवला आणि साध्या आवाजात विचारलं,

"त्या दिवशी दुकानात मी तुमची माफी मागत होतो. तेव्हाही तुम्हाला ठाऊक होतं की तुम्ही ती वाट पाहिलेली नाही?"

"हो."

"आणि तुम्ही मला मागू दिलीत."

"हो," रेइनो म्हणाला. "मागू दिली."