कॉलमची वरची साल

चौदा फेब्रुवारीला सोसायटीने इमारतीच्या तपासणीसाठी अडतीस हजार सातशे पन्नास रुपयांचा चेक दिला. तो घेताना ठोकेकाकांच्या हातून पावतीपुस्तक दोनदा खाली पडलं. सेक्रेटरींना वाटलं, वय झालं. पण कारण वेगळं होतं. याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काकांची थोरली बहीण राहत होती, आणि अकरा वर्षांपूर्वी तिने ते घर काकांच्या शब्दावर घेतलं होतं.

ठोकेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जुन्या इमारती भूकंपात तग धरतील की नाही हे तपासणाऱ्या एका लहान कंपनीत ते सव्वीस वर्षं नोकरी करत होते. स्प्रिंगचा हातोडा कॉलमवर दाबायचा, तो किती उसळी घेतो ते वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. गणित इंजिनिअर मॅडम करायच्या, सहीही त्यांचीच. पण आकडे काकांचे. आकड्यांत खाडाखोड नाही, हा त्यांचा लौकिक. लग्नाचा योग आला नाही. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्यांना हाताशी धरून मोठं केलं होतं.

महिन्यापूर्वी एक हलका धक्का बसला होता. कपाटातली भांडी खळखळली, जिन्याच्या भिंतीला केसाएवढी चीर पडली, एवढंच. पण लोकांची झोप उडाली आणि तपासणी ठरली.

"तळमजला मऊ आहे," पहिल्याच दिवशी काका म्हणाले. खाली गाड्यांसाठी जागा मोकळी सोडलेली, भिंत म्हणून नाही. वरच्या चार मजल्यांचा भार नुसत्या चौदा कॉलमवर. त्यांच्या धंद्यात याला मऊ मजला म्हणतात.

"मऊ?" सेक्रेटरी हसले. "मग बरंच की हो! पडलो तरी लागायचं नाही."

जमलेले सगळे हसले. काका खाली बसून प्लास्टर खरवडू लागले.

हातोडा मात्र छान उसळत होता. "बघा, कसा टणाटण वाजतोय!" तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. "ताई सांगतातच, माझ्या भावाने ठोकून घेतलेली इमारत आहे म्हणून. त्यावरच तर आम्ही इथे आलो."

काकांनी आकडा वहीत लिहिला. जुन्या काँक्रीटची वरची साल वर्षानुवर्षं हवा खाऊन कडक होते. हातोडा त्या सालीवरून उसळतो. आत काय आहे ते त्याला कळत नाही. म्हणून जुन्या इमारतीत कॉलमला भोक पाडून आतला गोल तुकडा काढायचा आणि तो मशीनमध्ये दाबून फोडायचा, असा नियम आहे. नवशिक्यांना हा नियम काकाच शिकवायचे. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी ताईसाठी ते इथे आले, तेव्हा त्यांनी नुसता हातोडा मारला होता. "घे ताई, दणदणीत आहे," असं सांगून तिच्याकडे पोटभर जेवून गेले होते.

या वेळी त्यांनी सहा कॉलमचे तुकडे काढले. एक तर बाहेर येतानाच मधोमध मोडला. अंगठ्याने चोळला तर वाळू सुटत होती. उरलेले पाच मशीनमध्ये सोसायला हव्या त्याच्या निम्म्या दाबालाही टिकले नाहीत.

"काका, बहीण राहते ना तिथे?" मॅडमनी विचारलं. "दुसऱ्या कोणाला पाठवू का?"

"आकडे तेच येतील, मॅडम."

अहवालात लिहिलं गेलं: राहण्यास योग्य नाही. कॉलम मजबूत करायचा खर्च सोसायटीला झेपणारा नव्हता. तीन महिन्यांत घरं रिकामी करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका ताईकडे गेले. ती खुर्चीत बसून उशीचा अभ्रा शिवत होती.

"ये. तुझ्या त्या हातोड्याने आमचं चंबूगबाळं आवरायला लावलंस म्हणे!" ती म्हणाली. "असू दे रे. घेतलं तेव्हा चांगलंच होतं. नंतर कुजलं, त्याला तू काय करणार?"

सुटायला वाट मिळाली होती. काकांनी ती घेतली नाही.

"तेव्हाही असंच होतं, ताई. काँक्रीट मुळातच कच्चं आहे. मी भोक पाडून बघितलंच नाही."

सुई थांबली. "का?"

"मालक चिडेल, सौदा मोडेल असं वाटलं. तुला घर फार आवडलं होतं."

"मी म्हटलं होतं का, बघू नकोस म्हणून?"

"नाही."

"ह्यांच्या फंडाचा पैन् पै घातला मी इथे. वरच्यांनाही मीच आणलं. रोज जिन्यात तोंड दाखवते त्यांना." तिने दोरा दाताने तोडला. "परक्याच्या घराला भोक पाडतोस ना? मग माझंच घर कसं रे सोडलंस?"

"माझ्याकडे चल राहायला," ते म्हणाले.

"नको. तुझ्याकडे राहिले तर रोज हेच विचारीन."

मे महिन्यात ताई लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली. टेम्पोत सामान काकांनीच चढवलं. तिने किल्ली त्यांच्याकडे न देता सेक्रेटरींकडे दिली. पोचल्याचा फोन भाचीने केला.

कॉलमची सहा भोकं उघडीच होती. "रिकाम्या इमारतीवर कशाला खर्च?" असं सोसायटीने म्हटलं. दोन कुटुंबांना अजून जागा मिळाली नव्हती, ती वर राहतच होती. काकांनी स्वतः गवंडी बोलावून भोकं बुजवून घेतली. मजुरी साडेआठशे ठरली. त्या दिवशी खिशात पाचशेच निघाले. गवंडी दुसऱ्या कामावर गेला, तो पुन्हा भेटला नाही. त्याचे साडेतीनशे रुपये द्यायचे राहिले आहेत.