शिवण टोचेल का?

दुकानात माझ्या शेजारी एक वडील आणि त्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी पाळीत घालायच्या निकर बघत होते. वडिलांनी शिवणीवरून बोट फिरवलं. "ही टोचेल गं तुला. ताई, मऊ सुती दाखवा, शाळा सुटेपर्यंत नीट शोषून घेईल अशी."

"बाबा, काळी घेऊ," मुलगी म्हणाली.

इतकं सहज! माझा जळफळाट झाला. त्या वयात मी कापडाच्या घड्या दोरीवरच्या परकराखाली लपवून वाळवायचे. त्या ओलसरच राहायच्या आणि मांड्या सोलून निघायच्या. माझे बाबा तेव्हा पेपरात डोकं घालून बसायचे. एवढ्याशा पोरीचा हेवा करताना लाज वाटली, तरी हेवा काही गेला नाही.

"तुम्हाला काय दाखवू?" दुकानातल्या ताईंनी विचारलं.

मी नेहमीसारखी कुजबुजणार होते, पण मोठ्यानं म्हणाले, "मलाही पाळीचीच. मऊ."