कडेगावात मला स्ट्रेंज वाटलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण पुढं मलाच रडू यायला लागतं! माझं जमत आलेलं लग्न कुणी मोडलं म्हणता? वैऱ्यानं नाही, भावकीनं नाही. मीच मोडलं, आणि तेही इंग्रजीत!

बेलबॉटमचे दिवस होते. मी पलूसचा, सांगलीच्या कॉलेजातून नुकताच बी.ए. झालेला. मराठीत बोलायचं म्हणजे मला कमीपणा वाटायचा. मामानं कडेगावची मुलगी सुचवली, शालन. वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. समोर बसलं की आपली पाठ आपोआप ताठ व्हायची.

मामाबरोबर बघायला गेलो. चहा देताना शालन एकदाच वर बघून हसली आणि मी गारद! बायको करायची तर हीच. छातीत धडधड, कानात गुणगुण. शेजारी बसलेला सख्खा मामासुद्धा अनोळखी दिसायला लागला.

नेमकं तेव्हाच सुभेदारांनी विचारलं, "काय पावणं, कसं वाटतंय आमच्याकडं?"

"बरं वाटतंय" म्हणायला काय धाड भरली होती मला? पण नाही! म्हणालो, "आय ॲम फीलिंग व्हेरी स्ट्रेंज."

सुभेदारांचा कप अर्ध्यावरच थांबला. जवान असं म्हणाला म्हणजे तब्येत बिघडली, त्याला आधी झोपवायचं, ही त्यांची फौजेतली सवय.

"कवापासनं?"

"जस्ट नाऊ. एव्हरीथिंग इज लाइक अ ड्रीम!"

"सपनावानी दिसतंय? आवं, ऊन लागलंय ह्यास्नी! आडवं व्हा!"

"तसं नाही, सुभेदारसाहेब..."

"आडवं व्हा म्हन्तो न्हवं!"

झालो आडवा. काय करणार? त्यांनी पापणी ओढून डोळा बघितला, जीभ बघितली, कपाळावर ओली पट्टी ठेवली. शालनच्या आईनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मामा बाजूला बसून तांबडा रस्सा ओरपत होता, आणि माझ्या नशिबी काय? तांदळाची पेज!

ती पेज घेऊन शालनच आली. हळूच म्हणाली, "आता कसं वाटतंय?"

अहो, देवानं ताटात वाढून दिलेली संधी! "तुम्ही मला आवडलात," एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून काय निघालं?

"स्टिल स्ट्रेंज."

"आबा!" ती आत पळाली. "अजून उतरलं न्हाई वो त्यास्नी!"

आठवड्यानं निरोप आला. पोरगं चांगलं हाय, पर तब्येतीनं कच्चं हाय.

पुढच्या उन्हाळ्यात मामानं मला शालनच्या लग्नाला ओढत नेलं. टाळायची सोयच नव्हती. पंगतीत खाली मान घालून बसलो. पानात जिलेबी पडणार तोच सुभेदारांनी वाढप्याचा हात धरला.

"ह्यास्नी नगं. ह्यास्नी पेज आना."

मग माझ्यापुढं वाकून लय मायेनं विचारलं, "आता कसं वाटतंय?"

बी.ए.चं सगळं इंग्रजी कुठल्या कुठं पळालं. पहिल्यांदाच सरळ मराठीत खरं बोललो.

"लय वाईट वाटतंय, आबा."

सुभेदार मामाकडं वळले. "बगा! म्या म्हनलं न्हवतं? अजून बरं झालं न्हाई पोरगं!"