जुई बुफेला जाते तेव्हा

आमच्याकडे पाहुणे आले आणि थीम पार्कचा विषय निघाला, की राइड्सबद्दल कोणी विचारत नाही. "मग या वेळी जुईने काय खाल्लं?" एवढंच विचारतात. मी एक किस्सा सांगेपर्यंत नणंद दुसऱ्याची आठवण करून देते, तो संपेपर्यंत चहा गार होतो. यातला एकही मी मुद्दाम लक्षात ठेवलेला नाही. पण गेल्या तीन वर्षांत इतके साठलेत की कुठला आधी घडला ते नवऱ्याला विचारावं लागतं, आणि तो दर वेळी वेगळं सांगतो.

जुई म्हणजे माझी मुलगी. आता सात वर्षांची. ती काय खाते ते सांगते: पांढरा भात, मीठ, बटाट्याच्या काचऱ्या, तांदळाची भाकरी आणि भाजलेला पापड. संपली यादी. तळलेला पापड चालत नाही, तो "ओला" असतो म्हणे.

नितीनचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, दोन टेम्पो आहेत. त्यातला एक अलिबागच्या रस्त्याला झालेल्या थीम पार्कच्या किचनला कांदे-बटाटे पोचवतो. त्यामुळे वर्षातून तीन-चारदा आम्हाला तिथले पास मिळतात. पासात दुपारचं जेवण धरलेलं असतं. बुफे, हवं तेवढं खा. आम्ही चौघं जातो. मी, नितीन, जुई आणि सासूबाई. सासूबाई मिठागरवाल्यांच्या घरात वाढल्या, मिठागरवाल्यांच्या घरात आल्या. ताटात घास टाकलेला त्यांना बघवत नाही. आणि नात अशी, की तिच्या ताटात घास पडतच नाही.

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा जुई चार वर्षांची होती. नितीन रस्ताभर सांगत होता, "तिथे इतके पदार्थ असतात, एक तरी आवडेलच." मलाही वाटलं, असेल. घरी आपण रोज तेच करतो, तिथे पोरीला निवड मिळेल.

हॉलमध्ये शिरलो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत भांडीच भांडी. जुईने ताट घेतलं. ते तिच्या छातीएवढं. म्हणाली, "मी एकटी घेणार." आम्ही खूश झालो. ती एकेका भांड्यापाशी थांबायची, वाढणाऱ्याला झाकण उघडायला लावायची, आत बघायची आणि पुढे जायची. सॅलड झालं, सूप झालं, चायनीज झालं, पंजाबी झालं, गोडाचं टेबल झालं. वीस मिनिटं गेली. सासूबाई म्हणाल्या, "पोर चांगली बघून घेते हो."

मग ती दोन्ही हातांनी ताट सांभाळत आली. ताटात बर्फाचे तीन खडे होते. ज्यूसच्या टेबलावरचे.

"हे काय?" नितीनने विचारलं.

"जेवण," ती म्हणाली आणि पहिला खडा तोंडात टाकला.

सासूबाईंनी ताटात वाकून बघितलं. मग मला म्हणाल्या, "घरी फ्रीज हाय की गो. इतक्या लांब कशाला आणली?"

*

दुसरी अडचण अशी, की तिच्या ताटात एका पदार्थाने दुसऱ्याला शिवलेलं चालत नाही. भाताला काचरी लागली की भात बाद आणि काचरीही बाद. घरी आम्ही तीन वाट्यांवर भागवतो. बुफेत वाट्या लहान, म्हणून मी प्रत्येक गोष्टीला एकेक ताट घेतलं. एका ताटात भात. एकात चिमूटभर मीठ. एकात पापड. एक रिकामं, पापडाचा चुरा पडला तर. एक नितीनचं, एक सासूबाईंचं, एक माझं. टेबलावर सात ताटं मांडली गेली आणि आम्ही तिघं पोळ्यांसाठी पुन्हा रांगेत उभे राहिलो.

परत आलो तर टेबलाला दुसरं टेबल जोडलेलं, चार खुर्च्या वाढवलेल्या आणि मधोमध 'राखीव' असा बोर्ड. तिथला वेटर नितीनला नम्रपणे म्हणाला, "सर, ग्रुप बुकिंगचं टेबल आहे हे. सात जण येतायत. तुम्ही तिकडे बसा ना."

मी म्हटलं, "ते सात जण आम्हीच."

त्याने आम्हाला मोजलं. मग टेबलाखाली बघितलं. तिथे जुई बसली होती. ती म्हणाली, "माझी चार आहेत."

*

तिथले मुख्य शेफ गायकर. श्रीवर्धनचे. उंच टोपी, भारदस्त मिशा आणि स्वतःच्या हातावर फार विश्वास. ते टेबलाटेबलाशी जाऊन "कसं वाटलं?" विचारतात आणि लोक "एक नंबर" म्हणतात. आमच्या टेबलाशी आले तेव्हा जुई पाच वर्षांची होती.

"काय बाळा, पनीर घेतलं नाहीस?"

जुईने त्यांच्याकडे नीट बघून विचारलं, "त्यात काय आहे?"

"पनीर, टोमॅटो, काजू."

"अजून?"

"क्रीम. कांदा. थोडं आलं-लसूण."

"अजून?"

शेफ हसले. "अजून काही नाही."

"हिरवं काय दिसतं मग?"

"ती... ती कसुरी मेथी. अगदी थोडीशी, वासाला."

जुईने हातातला पापड खाली ठेवला. "मग आधी का नाही सांगितलं?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. आजूबाजूची दोन टेबलं ऐकत होती. शेफ गायकर गंभीर चेहऱ्याने "बरोबर आहे तुझं" म्हणाले आणि निघून गेले. नितीन म्हणाला, "आता बटाट्याची ऑर्डर गेली."

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो. भाताच्या शेजारी एक वेगळं भांडं होतं, त्यात साध्या बटाट्याच्या काचऱ्या. पुढे छापलेली पाटी: 'यात हिरवं काही नाही.'

जुईने पाटी अक्षर लावून लावून वाचली आणि मान डोलावली. पण तिला मिळाल्या जेमतेम पाच-सहा काचऱ्या. कारण त्या भांड्यापुढे सगळ्यात मोठी रांग होती, आणि रांगेत एकसुद्धा मूल नव्हतं.

*

गेटवर बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. हे सासूबाईंना मान्य नाही. एकदा त्यांनी तांदळाची भाकरी फडक्यात गुंडाळून कमरेला, लुगड्याच्या आत खोचली. आम्हाला पत्ताच नाही. सिक्युरिटीच्या ताईंनी तपासताना हात लावला आणि थांबल्या.

"आजी, हे काय?"

"औषध."

"गरम लागतंय."

"गरमच घ्यायचं असतंय."

ताईंनी फडकं सोडायला लावलं. एकावर एक तीन भाकऱ्या. मागे रांग खोळंबलेली. नितीन असा उभा राहिला की जणू तो दुसऱ्याच कुटुंबातला. सासूबाई मात्र जराही गडबडल्या नाहीत. जुईला पुढे ओढून म्हणाल्या, "हिच्यासाठी हाय. ही दुसरं कायच खात न्हाय. तुमच्या आत शंभर भांडी असतील, हिच्या कामाचं एक न्हाय. उपाशी फिरवू का पोरीला उन्हात?"

ताईंनी जुईकडे बघितलं. "खरंच काही खात नाही?"

"व्हय."

"माझीपण तशीच आहे," ताई एकदम हळू आवाजात म्हणाल्या. "चहा-चपाती. सकाळी चहा-चपाती, संध्याकाळी चहा-चपाती. लोक मला बोलतात."

"बोलू दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वरची भाकरी काढून ताईंच्या हातात ठेवली. "ही घे. घरी नेऊन बघ. आमच्या शेजारणीचा पोरगा हिच्यावरच मोठा झाला, आता ट्रक चालवतो."

आम्ही आत गेलो. आता गेटवर आमची तपासणी होत नाही. ताई फक्त विचारतात, "आजी, औषध?"

*

हा किस्सा सांगताना मी हसते, पण त्या दिवशी हसले नव्हते.

जुई सहाची झाली होती. शाळेतल्या बाईंनी डब्याबद्दल चिठ्ठी पाठवली होती, जावेने फोनवर अर्धा तास उपदेश केला होता. माझं डोकं तापलेलं. बुफेत मी ठरवलं, आज एक चमचा वरण ही पोर खाणार. साधं पिवळं वरण. मी म्हटलं, "एक चमचा. मग हवं तिकडे जा." ती नको म्हणाली. मी हात धरला आणि चमचा तोंडात घातलाच.

ती रडली नाही. गप्प उठली. मी म्हटलं, बघा, घेतलं की नाही.

मग आम्ही छोट्या आगगाडीत बसलो. ती गप्प. आरशांच्या घरात गेलो, गप्प. फुगेवाला आला, तिने नुसतं बोट दाखवलं. मला वाटलं, रुसली आहे. अर्धा-पाऊण तास झाला. मग परेड आली. त्यात सशाचा पोशाख घातलेला एक माणूस असतो, भला मोठा, लोंबत्या कानांचा. तो पोरांशी हात मिळवत आमच्यापाशी आला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "हॅलो! तुझं नाव काय?"

जुई त्याच्याकडे बघत राहिली. डोळे मोठे, ओठ घट्ट.

"नाव नाही सांगणार?"

तिने मान हलवली. सशाने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू, आतून माणसाच्या आवाजात विचारलं, "ताई, बोलत नाही का ती?"

तेव्हा माझं लक्ष तिच्या गालाकडे गेलं. डावा गाल फुगलेला. वरण तसंच होतं. आगगाडी, आरसे, फुगा, सगळं तिने ते चमचाभर वरण तोंडात धरून केलं होतं. गिळायचं नव्हतं, आणि थुंकलं तर आई ओरडेल.

मी तिला कचऱ्याच्या डब्यापाशी नेलं. म्हटलं, "थुंक बाळा." ती थुंकली. मी पाण्याची बाटली दिली, तिने चूळ भरली, तोंड पुसलं. मग वळली, पळत परत गेली. ससा अजून तिथेच बसला होता.

"जुई," ती म्हणाली.

*

त्यानंतर आम्ही अलिबागला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. वजन केलं, उंची मोजली, रक्त तपासलं. मी घरून यादी लिहून नेली होती, काय खात नाही याची. दोन पानं. डॉक्टरांनी यादी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हिचं सगळं ठीक आहे. हळूहळू खाईल, मागे लागू नका. तुम्ही शेवटचं नीट कधी जेवलात?"

नितीन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "डॉक्टर, हिची यादी मी लिहून आणतो."

*

या मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. बुफेला तुफान गर्दी. आमच्यापासून दोन टेबलं सोडून एक जोडपं बसलेलं आणि त्यांची मुलगी, चारेक वर्षांची. ती मुलगी खुर्चीत ताठ झालेली, तोंड दोन्ही हातांनी झाकलेलं, रडून लाल. तिची आई चमचा घेऊन वाकलेली. "एक घास. बाळा, फक्त एक. बघ, सगळे बघतायत." बघत होतेच सगळे. बाप दोनदा उठून दुसरं काहीतरी घेऊन आला. टेबलावर जागा उरली नव्हती.

मी नजर वळवली. माझ्याच्याने बघवेना.

इतक्यात जुई खुर्चीतून उतरली आणि सरळ त्या टेबलाकडे चालू लागली. मी उठले, तर सासूबाईंनी माझा हात धरून बसवलं. "थांब गो. बघू तरी."

ऐकू काही येत नव्हतं, फक्त दिसत होतं. जुई त्या बाईंना काहीतरी म्हणाली. बाई बुचकळ्यात पडल्या आणि त्यांनी चमचा जुईच्या हातात दिला. जुईने तो खाली ठेवला. त्यांच्या ताटात मिक्स भाजी होती. त्यातली एक फरसबी जुईने दोन बोटांत उचलली, त्या मुलीला नीट दाखवली, आणि खाल्ली.

नितीनचा घास हातातच राहिला.

जुईने ती चावली. चेहरा अजिबात हलू दिला नाही. गिळली, तोंड उघडून त्या मुलीला जीभ दाखवली. मुलीचं रडणं थांबलं. मग जुईने गाजराचा तुकडा उचलला. मग वाटाणा. मग पुन्हा फरसबी. मसाल्यासकट, एकमेकांना लागलेलं सगळं. त्या मुलीने तोंडावरचा एक हात काढला, जरा वेळाने दुसरा. आणि भाताची चार शितं उचलून तोंडात टाकली. तिची आई मटकन खुर्चीवर बसली.

जुई परत आली. एक ग्लास पाणी प्यायली. दुसरा ग्लास प्यायली. सासूबाई पुढे सरकल्या, आवाज चढू न देता म्हणाल्या, "आवडली का गो भाजी?"

"नाही. घाण होती."

"मग का खाल्लीस?" मी विचारलं.

जुईने ओठ पुसले, आपलं ताट पुढे ओढलं.

"तिची आई रडणार होती," ती म्हणाली, आणि भात खायला लागली.