पडद्याच्या अलीकडे, पडद्याच्या पलीकडे

डार्लीन ह्रिंचुकबरोबर मी हवाईसुंदरी म्हणून टोरांटो ते लंडन इतक्या वेळा गेले-आले, की जमिनीवर भेटलो तर आम्हां दोघींना काय बोलावं ते सुचायचं नाही. आमच्या गप्पा व्हायच्या विमानाच्या अगदी मागच्या टोकाला, कॉफीच्या यंत्राशी, उभ्यानं. ती मॅनिटोबातल्या डॉफिनची, युक्रेनियन घरातली. वडील दुधाचा ट्रक चालवायचे. बाविसाव्या वर्षी तिला विमानात नोकरी लागली तेव्हा आईनं गल्लीभर पिरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाटल्या होत्या. पुढं लग्न झालं, मोडलं, गुडघे गेले. नोकरी तेवढी टिकली.

गोड बोलणं तिला कधी जमलं नाही. पण कुणाचं बाळ रडायला लागलं की ती काही न बोलता ते उचलायची आणि कडेवर घेऊन ट्रॉली ढकलायची.

नवा वर्ग सुरू झाला तेव्हा कंपनीनं आम्हांला एका हॉटेलात बोलावून केक खाऊ घातला. पुढं बिझनेस, मागं इकॉनॉमी, आणि आता मध्ये प्रीमियम इकॉनॉमी. जरा रुंद सीट, पाय पसरायला थोडी जागा, काचेच्या ग्लासात वाइन, आणि मागच्यांपासून वेगळं करायला एक पडदा. विमान मात्र होतं तेवढंच राहिलं. मधल्या रांगांना जागा हवी म्हणून मागच्या रांगा एकमेकींना चिकटवल्या, मागचा संडास अरुंद केला, आणि शेवटच्या रांगेतल्या ज्या दोन सीटवर आम्ही आळीपाळीनं पाठ टेकायचो, त्या विकायला काढल्या.

"मग आम्ही बसायचं कुठं?" डार्लीननं विचारलं.

"तुमच्या भिंतीच्या घडीच्या सीट आहेतच की," कंपनीचे साहेब म्हणाले.

"त्यावर तुम्ही एकदा लंडनपर्यंत बसून या," ती म्हणाली. साहेब हसले. ती हसली नव्हती.

पुढच्या बाजूलाही फरक पडला. ज्या कंपन्या आपल्या माणसांना बिझनेसनं पाठवायच्या, त्यांनी मधला वर्ग बघितला आणि हिशेब केला. त्यामुळं मध्ये दोन तऱ्हेची माणसं शेजारी शेजारी बसू लागली. वरून उतरवलेली आणि खालून चढलेली. उतरलेल्यांना सगळंच कमी वाटायचं. चढलेल्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातलेले, त्यांना पुरेपूर हवं असायचं. आणि मागची माणसं गुडघे छातीशी घेऊन पडद्याकडं बघत बसायची. पूर्वी मागं कुणाला बरं नसलं तर डार्लीन त्याला सरळ पुढच्या रिकाम्या सीटवर नेऊन बसवायची. पडद्याबरोबर नियम आला, पैसे न भरता कुणी पडद्यापलीकडं जायचं नाही, आपसांत सीट बदलायची नाही.

त्या दिवशी आम्ही लंडनहून परत निघालो होतो. दिवसाचं विमान. वेंडेल आणि अर्मा थीसन नावाचं म्हातारं जोडपं होतं, मॅनिटोबातल्याच स्टाइनबाखचं. अर्माच्या बहिणीला पुरून परत चालले होते. मुलानं विमानप्रवासावर साठलेले आपले पॉइंट वापरून एक सीट प्रीमियममध्ये करून दिली होती. दोन सीटना पॉइंट पुरले नव्हते. अर्मा पुढं बसली, वेंडेल मागं, खिडकीशी, दोन धिप्पाड पोरांच्या पलीकडं कोंबलेला.

अर्धा रस्ता झाल्यावर अर्मा पडदा सारून मागं आली. "ऊठ रे. आता तुझी पाळी."

"बस की तिथंच. मी ठीक आहे."

"ठीक कसला? चेहरा बघ, उकडलेल्या बीटासारखा झालाय. ऊठ."

वेंडेल उठला, पण मधल्या वाटेत त्याचा पाय वळेना. घोटे सुजून बुटाबाहेर आले होते. मी डार्लीनकडं बघितलं. नियम तिलाही माहीत होता, मलाही. तिनं त्याचं कोपर धरलं. "चला आजोबा, सावकाश." पुढं नेऊन त्याला बसवलं, पाय वर घेऊन त्याखाली दोन उशा दिल्या.

शेजारच्या सीटवर लॉटन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला. "बाई, इथं मघाशी दुसरं कुणी होतं."

"यांच्या मिसेस होत्या."

"एका तिकिटावर दोघं बसतात का?"

"आज बसले," डार्लीन म्हणाली.

लॉटन आवाज न चढवता बोलत होते. "पूर्वी मला कंपनी पुढं पाठवायची. मी झोपून जायचो आणि उतरून थेट मीटिंगला. आता इथं बसवतात, वर म्हणतात, नशीब समज. आणि ही सीटसुद्धा आता वाटून घ्यायची?"

डार्लीननं त्यांच्याकडं नीट बघितलं. "तुम्हांला झोप हवीय," ती म्हणाली. "मी चहा आणते, मग दिवा बंद करते."

चहा त्यांनी घेतला. घरी गेल्यावर तक्रारही केली.

चौकशीला बसलेली मेलानी डार्लीनच्याच हाताखाली शिकलेली. तिला ही चौकशी नको होती. "डार्लीन, एवढंच म्हण की पुन्हा असं होणार नाही. मग मी हे इथंच मिटवते."

"आणि पुन्हा कुणाचे पाय सुजले तर?"

"तर मला सांगायचं नाही."

"मेलानी, मला आता लपवाछपवीही झेपत नाही," डार्लीन म्हणाली. "मी दमलेय गं."

तिला काही दिवस बिनपगारी घरी बसवलं. युनियन भांडायला तयार होती, तिनंच नको म्हटलं. परत यायच्या आधी तिनं बदली मागितली. विनिपेगहून उत्तरेला थॉम्पसन, चर्चिलकडं जाणारी लहान विमानं आहेत, आमच्याच कंपनीची एक शाखा. पगार कमी, थंडी जास्त. तिथं सगळ्यांना एकच वर्ग. खाणकामगार, नर्सबाई, दाताच्या डॉक्टरकडं निघालेली बायकापोरं. सीट तिथंही अरुंदच.

मी विचारलं, "बरं वाटतंय का तिथं?"

"गुडघे तसेच दुखतात," ती म्हणाली. "पण कुणाला नाही म्हणावं लागत नाही. एक ख्रिश्चन नावाचा वैमानिक आहे, भयंकर गातो. तेवढं सोसावं लागतं."

मी अजून लंडनच्याच फेऱ्या करते. पडदा नीट लावते, कुणी मागून येऊन पुढच्या संडासाचं विचारलं तर नियम सांगते. गेल्या महिन्यात मधला वर्ग आणखी एका रांगेनं वाढवला. या वेळी केक नव्हता. मी डार्लीनला फोन करून सांगितलं.

ती म्हणाली, "मागच्या लोकांना पाणी जास्त देत जा. एवढं दाटून बसल्यावर माणसं मागायला लाजतात." तिच्या विमानात कुत्रं चढवत होते, पिंजरा दारातून जात नव्हता. तिला जावं लागलं.